लांकडाचें पाणी

मोत्याला पाणी असतें, हिऱ्याला असतें, तरवारीच्या पात्यालाही असतें; परंतु लांकडालाही पाणी असतें ही गोष्ट सुतार आणि वाद्यें करणारे कारागीर यांखेरीज फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्याही ध्यानांत ती उशिराच आली, आणि ती आणून देण्यास आमच्या पुतण्याची एक गिटार कारण झाली. ज्या प्रश्नापासून प्रस्तुत लेखाचा उगम झाला तो प्रश्न घरगुती आहे. पण त्याचें उत्तर शोधूं लागतां आम्हांस क्रेमोना, मिरज, कलकत्ता आणि अमेरिकेंतील कॅलमझू अशा दूरदूरच्या गांवांची वाट धरावी लागली. वाचकांनीं थोडा वेळ आमच्याबरोबर यावें, एवढीच विनंती.

आमचें बिऱ्हाड कात्रपास, बदलापूर स्टेशनाच्या पूर्वेच्या बाजूस आहे. पुतण्या आमच्याकडेच राहतो. सकाळच्या लोकलनें तो मुंबईस नोकरीस जातो आणि रात्रीं परत आल्यावर गॅलरींत बसून विजेची गिटार घडवितो. महोगनीच्या जाड फळीवर मेपलची पातळ फळी डकवून, कानशीनें व रंध्यानें तिला पोट आणून, त्यानें सात-आठ महिन्यांत गिटारीचें अंग तयार केलें. ही मेपलची फळी साधी नव्हे. तीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या लहरी आहेत. फळी डावीकडे कलविली कीं उजळ पट्टे काळवंडतात व काळे पट्टे उजळतात. वाघाच्या अंगावरील पट्टे वाघ चालूं लागला म्हणजे हलावे, तसें तें दिसतें. आषाढांतल्या एका रविवारीं तें कोरें अंग आमच्यापुढें ठेवून त्यानें विचारलें, "काका, ह्याला पॉलिश कोणतें करूं?"

आम्ही वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां म्हणालों, "कोणतेंही कर. चकाकलें म्हणजे झालें."

हें उत्तर तोंडांतून गेलें मात्र, आणि समोरच्या भिंतीशीं गवसणींत उभा असलेला तंबोरा आमच्याकडे पाहत आहे असें आम्हांस वाटलें. कारण नेमकें हेंच उत्तर आम्ही पूर्वीं एकदां दिलें होतें, आणि त्यापायीं घरांतला एक तंबोरा गमावला होता.

आमच्या वडिलांचे तंबोरे दोन. मिरजेहून आणलेली जोडी. दोहोंवर जुनें लाखेचें पॉलिश, वर्षानुवर्षें हात लागून पिकलेलें. पंधरा वर्षांमागें त्यांतल्या एकाचें पॉलिश भोपळ्यावर पांढरें पडलें, तेव्हां आम्ही तो लांकडी सामानास पॉलिश करणाऱ्या एका कारागिराकडे दिला. त्यानें "कसलें करूं?" म्हणून विचारलें असतां आम्ही वरील उत्तर दिलें. त्या माणसानें कपाटास जें करतात तें केलें: काचकागदानें जुना थर साफ खरवडला आणि यंत्राच्या फवाऱ्यानें कांचेसारखा जाड, चकचकीत थर तबलीसकट सर्व अंगावर चढविला. तंबोरा घरीं आला तो नव्या नवरीसारखा! पण तारा छेडल्या तों आवाज बसलेला. जवारी पुन्हां काढून घेतली, तारा बदलल्या. तरी पूर्वींची आंस परतली नाहीं. शिवाय दांडीवर वडिलांचा हात जेथें टेकत असे तेथें पॉलिश झिजून एक फिकट डाग पडला होता, तो डागही नाहींसा झाला. दोष त्या कारागिराचा नव्हे. त्यास आपलें काम येत होतें. दोष आमचा, कीं काय राखावयाचें हें आम्हांस ठाऊक नव्हतें. म्हणून या वेळीं आम्ही वर्तमानपत्र मिटलें आणि पुतण्यास म्हटलें, "थांब. घाई करूं नकोस. आधीं पाहूं या, आजवर लोकांनीं काय केलें तें."

प्रथम लांकडाचें पाणी म्हणजे काय तें पाहूं. झाडाचे तंतु बहुधा सरळ उभे वाढतात. कांहीं झाडांत मात्र ते नागमोडी वाढतात. असें लांकूड उभें चिरलें म्हणजे पृष्ठभागावर कांहीं ठिकाणीं तंतूंच्या कुशी दिसतात, तर कांहीं ठिकाणीं त्यांचीं तोंडें. कुशीवरून प्रकाश परततो. तोंडांत तो शिरतो. म्हणून एक पट्टा उजळ व शेजारचा काळा. आणि पाहणारा हलला कीं दोहोंची अदलाबदल. आपल्याकडील ऐनाच्या लांकडांतही अशा लहरी कधीं कधीं सांपडतात. तात्पर्य, हें सौंदर्य रंगाचें नव्हे, प्रकाशाचें आहे. आणि प्रकाश आंत जाऊन परत येईल असें कांहीं तरी त्यावर चढविल्यावांचून तें पुरतें खुलत नाहीं. कोरें लांकूड धुळीनें माखलेल्या आरशासारखें असतें. तेल किंवा लाख आंत मुरली म्हणजे धूळ पुसल्यासारखें होतें. पण तोच थर जाड झाला, ढगाळ झाला किंवा रंगानें अपारदर्शक झाला, तर आरशावर पडदा पडतो. रोगणाचा सारा इतिहास या दोन टोकांच्या मधला आहे: लांकूड राखावें किती आणि दाखवावें किती.

मेपलच्या लहरीचा मान वाद्यांत प्रथम वाढविला तो व्हायोलिन करणाऱ्यांनीं. इटलींतील क्रेमोना गांवच्या कारागिरांनीं व्हायोलिनचें तोंड स्प्रूसचें आणि पाठ व कडा मेपलच्या, हा जो प्रघात पाडला तो आजतागायत चालूं आहे. त्यांतला सर्वांत नांवाजलेला कारागीर अँटोनियो स्ट्रॅडिव्हॅरी १७३७ सालीं वारला. त्याच्या मागें त्याच्या रोगणाविषयीं इतक्या दंतकथा निर्माण झाल्या कीं रोगणाचें गुपित हेंच त्याच्या वाद्यांच्या गोड आवाजाचें कारण, असें पुष्कळांस वाटूं लागलें. कोणी त्यांत रक्तबोळ घातला, कोणी अंबर, कोणी आणखी कांहीं. अखेर २००९ सालीं फ्रान्समधील व जर्मनींतील संशोधकांनीं पॅरिसच्या संगीतसंग्रहालयांतील त्याच्या पांच वाद्यांवरील थरांचें रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केलें. आढळलें काय? लांकडाच्या वरच्या पेशींत शिरलेलें, वाळणारें साधें तेल. त्यावर तेल आणि सूचिपर्णी झाडाची राळ यांचा पातळ थर. कांहीं वाद्यांवर त्यांत थोडा लाल रंग. जें तेल व जी राळ त्या काळच्या चित्रकारांच्या घरोघरीं असे, तीच ही सामग्री. गुपित वस्तूंत नव्हतें. पातळपणांत होतें, आणि केव्हां थांबावें हें जाणणाऱ्या हातांत होतें. पुतण्यास आम्ही हें सांगितलें तेव्हां तो किंचित् खट्टू झाला. तरुणांस गुपित हवें असतें. प्रमाण नको असतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. तेलाच्या रोगणाला वाळावयास दिवसच्या दिवस लागतात. मद्यार्कांत विरघळणारें आणि पाहतां पाहतां वाळणारें रोगण जगाला दिलें तें लाखेनें, आणि लाख ही आपली. लाखेचा किडा सुईच्या अग्राएवढा. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या कोंवळ्या डहाळ्यांवर त्याचीं पिलें दाटीनें बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवतीं राळेचें कवच करतात. लक्षावधि किडे म्हणून लाक्षा, अशी व्युत्पत्ति सांगतात. पांडवांसाठीं दुर्योधनानें वारणावतास लाक्षागृह बांधविलें ही कथा सर्वांस ठाऊक आहे. लाख लवकर पेटते ही माहिती तींत आहेच. डहाळीवरून खरडून काढली ती काडीलाख. कुटून धुतली ती दाणालाख. वितळवून, गाळून, पापडासारखी पातळ ताणून वाळविली तो चपडा. पूर्व विदर्भाच्या जंगलांत, गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूस, हें पीक आजही निघतें. आमच्या लोहमार्गावर कर्जतच्या पलीकडे पळसदरी म्हणून स्टेशन आहे. तें नांव ऐकलें कीं आतां आम्हांस लाखेची आठवण होते.

गंमत अशी कीं पाश्चात्त्य व्यापाऱ्यांस आरंभीं लाखेची राळ नको होती, तिचा लाल रंग हवा होता. दाणालाख धुतल्यावर जें तांबडें पाणी निघतें, त्यापासून लोकर व रेशीम रंगविण्याचा रंग होत असे. कल्याणपासून पळसदरीपर्यंतची आगगाडी आमच्या बदलापुरावरून १८५६ सालीं धांवूं लागली. त्याच वर्षीं लंडनमध्यें विल्यम पर्किन नांवाच्या अठरा वर्षांच्या मुलानें डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग बनविला. तेथून कृत्रिम रंगांची जी माळ सुरू झाली तिनें लाखेच्या रंगाचा व्यापार थोड्याच दशकांत बुडविला. मग जें तांबडें पाणी मोलाचें होतें तें ओतून देण्याजोगें झालें, आणि जी राळ दुय्यम होती ती मुख्य माल होऊन बसली. पर्किनच्या वंशांतले हेच रंग पुढें गिटारीवरही चढले, त्याची हकीकत पुढें येईल.

युरोपांत चपडा स्पिरिटांत विरघळवून, कापसाचा बोळा फडक्यांत बांधून, तेलाचा थेंब लावीत लांकडावर घोळवीत राहण्याची पद्धति एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं रूढ झाली. तिला फ्रेंच पॉलिश म्हणतात, आणि साहेबाच्या टेबलखुर्च्यांबरोबर तें नांव आपल्या मिस्त्रींच्या तोंडीं येऊन बसलें. माल आपला, बारसें परक्याचें! पण लाखेनें लांकूड चमकविण्याची कला आपल्याकडे त्यापूर्वींचीच. सावंतवाडीचे चितारी चरकावर फिरणाऱ्या लांकडास रंगीत लाखेची कांडी टेकवीत. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लांकडावर बसे आणि खेळण्यांस, पाटांस, गंजिफांच्या पेट्यांस तेज येई. तेथें स्पिरिट नाहीं, फडकें नाहीं; लांकडाची गति हीच चूल.

याच लाखेनें मिरजेचीं वाद्यें चमकूं लागलीं. मिरजेच्या वाद्यकारांचा मूळ धंदा शिकलगाराचा, म्हणजे तरवारी-भाल्यांस धार व पाणी देण्याचा. १८१८ नंतर पटवर्धनांची जहागीर राहिली, पण लढाया संपल्या. हत्यारें भिंतीवर टांगलीं गेलीं आणि शिकलगारांचे हात रिकामे झाले. मिरजेच्या दरबारीं गवई येत. त्यांचीं वाद्यें उत्तरेकडून आणलेलीं. तीं बिघडलीं तर दुरुस्त करणारा जवळ कोणी नाहीं. अशा स्थितींत फरीदसाहेब नांवाच्या शिकलगारानें वाद्यें उघडून पाहिलीं, दुरुस्त केलीं आणि पुढें स्वतः बनविलीं, असें परंपरा सांगते; काळ सुमारें १८५० चा. तेव्हांपासून त्यांचें घराणें आणि त्यांचे शिष्य हाच व्यवसाय करीत आले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूच्या शेतांतून भोपळे येतात. दांडी व तबली तुणीच्या लांकडाची. वर लाखेचें पॉलिश. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें.

यांत आम्हांस विशेष वाटतें तें हें. शिकल करणें म्हणजे घासून तेज आणणें. पात्यावर बाहेरचें कांहीं चढवावयाचें नाहीं. आंत जें पाणी आहे तें उघडें करावयाचें. तबली घडविणाराही तेंच करतो. ती आधींच पातळ असते, आणि घोडीवरून तारांचा कंप तिच्यांतच उतरतो. तिच्यावर जाड थर चढविला तर तिचें वजन वाढतें व कंप लवकर मरतो. म्हणून बोळ्यानें घोळविलेली लाख शोभते. ती कागदाहून पातळ राहते. आमच्या वडिलांच्या तंबोऱ्याचा आवाज कां बसला, तें आम्हांस पंधरा वर्षांनीं असें कळलें.

लाखेची संगीतसेवा एवढ्यावर संपत नाहीं. एमिल बर्लिनर यानें ग्रामोफोनच्या तबकड्या आरंभीं कठीण रबराच्या केल्या होत्या. १८९५ च्या सुमारास त्या लाखेच्या मिश्रणाच्या होऊं लागल्या आणि पुढील अर्धशतक तशाच राहिल्या. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित झालें. १९०८ सालीं तेथेंच रेकॉर्डी बनविण्याचा कारखाना निघाला. मिरजेस ज्यांनीं वास्तव्य केलें ते खांसाहेब अब्दुल करीमखां १९३७ सालीं निवर्तले. त्यांचा आवाज आपणांस ऐकावयास मिळतो तो अशाच तबकड्यांमुळें. तेव्हां लक्षांत घ्यावें, कीं मागें वाजणाऱ्या तंबोऱ्याच्या अंगावर लाख, आणि तो स्वर ज्यांत कोरला त्या तबकडींतही लाख. पळसाच्या डहाळीवरील एका किड्यानें आमच्या संगीताचा देहही सांभाळला आणि स्मृतीही.

मग लाखेची सद्दी कमी कशानें झाली? बंदुकीच्या कापसानें. १८४६ सालीं स्कोनबाइन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें तीव्र अम्लांत भिजविलेला कापूस दारूगोळ्यासारखा पेटतो हें जाहीर केलें. तोच कापूस योग्य प्रमाणांत केला व द्रावणांत विरघळविला कीं त्याचें स्वच्छ, झटपट वाळणारें रोगण होतें. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीनें अशा रोगणाचा रंग बाजारांत आणला आणि १९२४ च्या सुमारास मोटारींवर तो फवारूं लागले. ज्या मोटारीस रंगवून वाळवावयास आठवडे लागत तिचें काम कांहीं तासांवर आलें. मोटारीवरून तें रोगण टेबलांवर, टेबलांवरून वाद्यांवर आलें. लिओ फेंडरच्या कारखान्यानें तर १९५० नंतरच्या काळांत आपल्या गिटारींस सरळ मोटारींचेच रंग दिले.

मेपलच्या लहरीची खरी गोष्ट मात्र गिब्सन कंपनीची. ऑर्व्हिल गिब्सन हा कॅलमझू गावीं व्हायोलिनच्या धर्तीवर पोट कोरलेलीं मेंडोलिनें व गिटारी करीत असे. त्याच्या नांवानें १९०२ सालीं कंपनी निघाली. १९५२ सालीं या कंपनीनें लेस पॉल या वादकाच्या नांवाची भरीव अंगाची विजेची गिटार काढली: खालीं महोगनी, वर कोरलेली मेपल. आमच्या पुतण्याची गिटार हिचीच पणती म्हणावी. पण त्या पहिल्या गिटारींवर रंग कोणता होता? सोनेरी, आणि तोही अपारदर्शक. खालीं मेपलला लहर असो वा नसो, सोन्याखालीं सर्व सारखेंच. १९५८ सालीं कंपनीनें सोनें काढून टाकलें आणि मध्यें पिवळा, कडेला लाल, असा मावळत्या सूर्यासारखा पारदर्शक रंग दिला. मग मेपल दिसूं लागली, आणि दिसणार म्हणून एक फळी मधोमध चिरून पुस्तकाच्या पानांप्रमाणें उघडून लावणें आलें. कांहींवर लहरी उत्तम होत्या, कांहींवर नव्हत्या.

त्या गिटारी त्या काळीं फारशा खपल्या नाहींत. १९६० पर्यंत सुमारें दीड हजार झाल्या असतील. मग आकारच बदलला. पुढें दैव असें कीं थोर वादकांनीं त्याच जुन्या गिटारी शोधून काढल्या, आणि आज तशी एकेक गिटार लाखो डॉलरांस विकली जाते. याहून विलक्षण गोष्ट त्यांच्या रंगाची. पहिल्या वर्षांतला लाल रंग प्रकाशांत टिकणारा नव्हता. खिडकींत टांगलेल्या गिटारीचा लाल उडून मधाचा झाला. पेटींत मिटलेलीचा कडेला राहिला. कोणाचा चहासारखा झाला, कोणाचा लिंबासारखा. एकाच सांच्यांतून निघालेल्या गिटारींस काळानें निरनिराळे चेहरे दिले. कारखान्याच्या दृष्टीनें तो दोष होता, आणि पुढें त्यानें टिकणारा लाल वापरून तो सुधारला. पण आज लोक त्या दोषाचीच नक्कल करण्यासाठीं नवीं वाद्यें मुद्दाम फिकट रंगवितात. ज्या घरानें दांडीवरचा फिकट डाग खरवडून घालविला त्या घरांत ही हकीकत वाचली जात असतां मनास काय वाटलें असेल, तें वाचकांनींच ओळखावें.

तिसरें युग प्लॅस्टिकच्या रोगणांचें. १९३७ सालीं जर्मनींत ओटो बायर यानें पॉलियुरेथेनची रसायनक्रिया शोधिली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गिटारींच्या कारखान्यांत पॉलिएस्टर व पॉलियुरेथेन यांचे थर पसरले. आमच्या शेजारच्या उल्हासनगरांत १९४७ नंतर सिंधी निर्वासितांनीं जो संसार शून्यांतून उभा केला, त्यांत लांकडी सामानाचा मोठा बाजार आहे. तेथें जाऊन आम्ही पाहिलें: मेलामाईन व पीयू यांचे फवारे जिकडेतिकडे, बोळा घोळविणारा हात क्वचित्. त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. हें रोगण पाण्यास दाद देत नाहीं, गरम कपाचें वळ उमटूं देत नाहीं, घामानें चिकट होत नाहीं, आणि गिऱ्हाइकास चार दिवसांत पलंग मिळतो. भोजनाच्या टेबलास लाख लावा असें आम्हीही म्हणणार नाहीं.

येथें न्यायानें आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. विजेच्या गिटारीचा आवाज तबलींतून निघत नाहीं. पोलादी तार चुंबकावर हलते, तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, आणि तीच पुढें मोठी होऊन ऐकूं येते. जाड भरीव अंगावर थर कोणता हें कानास फारसें कळणार नाहीं. तंबोऱ्याचा न्याय गिटारीस लावणें हा भाबडेपणा होईल. मग येथें निवड कशाच्या आधारानें करावी? आमच्या मतें तीन गोष्टींच्या: डोळ्याच्या, हवेच्या आणि दुरुस्तीच्या.

डोळ्याचें पूर्वीं सांगितलेंच. पुतण्यानें मेपलच्या उरलेल्या तुकड्यांवर प्रयोग केले. एकावर नुसतें तेल. एकावर नुसती लाख. एकावर स्पिरिटांतला गडद तपकिरी रंग देऊन, वाळल्यावर घासून काढून, मग मधाचा रंग. शेवटच्यांत लहर सर्वांत ठळक झाली. कारण तंतूंच्या तोंडांनीं गडद रंग खोल पिऊन ठेवला आणि कुशींवरचा घासतांना निघून गेला. पण फार ठळक केली कीं लहर रंगविलेली दिसूं लागते आणि तुकडा हलविला तरी ती हलेनाशी होते, हेंही त्या तुकड्यानेंच दाखविलें.

हवेचें म्हणाल तर ती कात्रपची, आणि महिना आषाढ. सह्याद्रीच्या पायथ्याशीं, उल्हास नदीच्या खोऱ्यांत आम्ही राहतों. २०१९ च्या जुलैंत मुंबईहून मिरजेवरून कोल्हापुरास जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरांत अडकली आणि हजाराहून अधिक प्रवासी दुसऱ्या दिवशीं नावांतून व बोटींतून बाहेर काढावे लागले. एवढें सांगितलें म्हणजे येथील पावसाळ्याचें वर्णन पुरे. अशा हवेंत स्पिरिटाचें वा कापसाचें रोगण लाविलें तर द्रावण उडून जातांना पृष्ठभाग थंड होतो, हवेंतील बाष्प त्यावर जमतें आणि थर दुधासारखा पांढरा पडतो. जुने पॉलिशवाले पावसांत काम टाळीत, तें आळसानें नव्हे. उलट दोन घटकांचें पॉलियुरेथेन अशा हवेंतही बसेल; पण त्यांतील आयसोसायनेट फवाऱ्यावाटे फुप्फुसांत गेलें तर कायमचा दमा जडूं शकतो. तें काम बंदिस्त, हवा खेंचून घेणाऱ्या खोलींत योग्य मुखवटा घालून करावयाचें. शेजारच्या गॅलरींत लहान मुलें खेळत असतां नव्हे. कापसाचें रोगण तर भडका घेणारें. चाळीच्या व इमारतीच्या वस्तींत या विचारास आम्ही सर्वांत वरचें स्थान देतों.

राहिली दुरुस्ती. लाखेचा थर कितीही जुना झाला तरी बहुधा स्पिरिटांत पुन्हां विरघळतो. नवा बोळा जुन्या थरास मिळून जातो आणि जोड दिसत नाहीं. कापसाचें रोगणही आपल्या द्रावणांत विरघळतें. पॉलियुरेथेन एकदां आवळलें कीं स्वतःच्या द्रावणासही ओळख देत नाहीं. त्यावरचा नवा थर जुन्यावर बसतो, त्यांत मिसळत नाहीं. चरा भरला तरी त्याची कड राहते. म्हणजे एका रोगणांत पुढच्या हातास वाव आहे, दुसऱ्यांत नाहीं. दुसरें जास्त टिकतें हें खरें. परंतु टिकणें दोन प्रकारचें: न बदलतां टिकणें आणि बदल पचवून टिकणें. वाद्य माणसाच्या हातीं असतें, हातास घाम येतो, आणि वाद्य घडविणाऱ्यापेक्षां अधिक जगतें. अशा वस्तूस आम्ही दुसऱ्या प्रकारचें टिकणें योग्य समजतों. लाखेचे दोष आम्ही झांकीत नाहीं: ती उष्णतेनें मऊ होते, मद्यानें विरघळते, पाण्यानें पांढरी पडते, आणि स्पिरिटांत भिजविलेला चपडा फार दिवस ठेवला तर लांकडावर नीट कडक होत नाहीं, म्हणून थोडा थोडाच करावा लागतो.

हें सर्व आम्ही एका संध्याकाळीं पुतण्यास सविस्तर सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि मग विचारलें, "म्हणजे लाखच, नाहीं का काका?"

"आम्ही तसें म्हटलें नाहीं," आम्ही म्हणालों. "घाम तुझा, गिटार तुझी. नंतर कोणाला दुरुस्त करतां यावी, एवढेंच आमचें मागणें."

त्याचा निर्णय पुढीलप्रमाणें ठरला. मधाचा रंग, हलका. गडद रंग घासून काढावयाचा, पण लहर हलती राहील इतकाच. त्यावर मेण काढलेल्या चपड्याचे पातळ हात, कारण मेण काढलेल्या लाखेवर पुढें कोणास दुसरें रोगण चढवावेंसें वाटलें तरी तें धरतें. मनगट जेथें टेकतें तेथें लाख झिजेल, हें त्यानें पत्करलें. आणि काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. तोंवर कोरें अंग कापडांत गुंडाळून कपाटावर ठेवलें आहे. रंगविलेले सात तुकडे, प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनें तारीख व प्रमाण लिहून, गॅलरीच्या दोरीवर टांगले आहेत; कोणता उडतो, कोणता पांढरा पडतो, तें पावसाळाच सांगेल.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. जोडींतला दुसरा तंबोरा, जो आमच्या अज्ञानांतून वांचला, त्याचेंही पॉलिश आतां दांडीपाशीं निस्तेज झालें आहे. चपडा घरांत येणारच आहे, तर त्यालाही एक हात द्यावा, असें आमच्या मनांत आलें. पुतण्यानें तंबोरा उजेडांत नेऊन दांडी न्याहाळली. जेथें वडिलांचा हात टेकत असे त्या डागाशीं तो थोडा वेळ थांबला.

"भोपळ्याला देतों," तो म्हणाला. "दांडीला नाहीं."